गुण्या पालटून

तासगावात द्राक्षवाल्याच्या दारात
मोरचूद मागायला गेलं की विचारतात, किती एकराला?
म्हटलं, सहा इंचाला.

बाटलीच्या बुडाशी निळे खडे, वर कोमट पाणी,
दोन थेंब बॅटरीचं ॲसिड.
घासून पांढऱ्या केलेल्या पोलादावरून बोळा फिरवला
तर पट्टी एका दमात तांब्याची झाली.
बागेत पानांवर निळं बसतं तेच हे,
इथं लाल होऊन बसतं.
त्यावर मोडक्या ड्रिलच्या टोकानं रेघ ओढायची.
रेघ पांढरी, केसाहून बारीक.
पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते,
तेवढ्यात एखादी सबब मावते.
हिच्यात नाही मावत.

पट्टी मोडक्या करवतीची, बाजारातली, चाळीस रुपये.
दस्ता बाभळीचा, त्याच्या छातीला पितळेची फीत.
पितळ जुन्या बिजागरीचं.
शैला म्हणते, सांगलीत दीडशेला मिळतो की आयता,
आठ दिवस कानस कसली घासताय?
खरं आहे.
दीडशेचा होता माझ्याकडे. त्याचंच तर सांगायचंय.

परवा टेबलाचा खण बसेना.
लाकडाला शिव्या घातल्या, हवेला घातल्या,
मग सहज प्लायच्या कडेला गुण्या टेकवून रेघ मारली,
पालटला, त्याच बिंदूतून दुसरी मारली.
खाली दोन्ही एक. वर चिमणीच्या चोचीगत उघड्या.
टोकाला दोन सूत.
म्हणजे चूक एक सूत.
पालटलं की ती दुप्पट होऊन समोर येते,
न पालटता जन्मभर काटकोन म्हणून नांदते,
अगदी गुण्यागोविंदानं.

तेव्हा कल्लाप्पा सुतार आठवला.
पोरीच्या लग्नातलं कपाट, सागवानी.
मी कुपवाडचा फिटर, मायक्रॉनमध्ये बोलणारा माणूस,
चार पाहुण्यांदेखत माझा गुण्या लावून म्हटलं,
हे बघा, एक सूत बाहेर.
तीनशे कापले.
त्याच्या हातात त्याचा घरी केलेला, काळा पडलेला.
एवढंच म्हणाला,
तुमचा पालटून बघा की वो एकदा.
नाही बघितला. मांडव घालायचा होता,
आणि माझ्या गुण्यावर कंपनीचं नाव कोरलेलं होतं.

आता मागच्या शेडमध्ये, पत्र्याखाली,
कानशीला खडू चोळून एकेक हात मारतो.
आरशाच्या काचेला पुसटशी निळी शाई,
तिच्यावर पट्टीची कड फिरवायची,
शाई लागेल तेवढंच उंच, तेवढंच घालवायचं.
जास्त गेलं की पहिल्यापासून.
तीनदा पहिल्यापासून झालं.
चौथ्या खेपेला दोन रेघांची एक झाली
तर मी चष्मा पुसला,
आणि शैलाला हाक मारली नाही.

मणेराजुरीला पोराच्या फर्निचरच्या दुकानामागं
कल्लाप्पा खुर्चीत बसलेला, एका डोळ्याला हिरवी पट्टी.
ओळखलं की नाही, कळलं नाही.
गुण्या हातात दिला.
त्यानं अंगठ्याचं नख आतल्या कोपऱ्यातून फिरवलं,
उजेडाला धरला, बिजागरीची बुजवलेली भोकं बघून हसला.
पोराकडून लॅमिनेटचा तुकडा मागवला,
पेन्सिल कानामागं चाचपली, तिथं नव्हती.
मी खिशातलं ड्रिलचं टोक पुढं केलं.
रेघ मारली. पालटला. दुसरी मारली.
पहिलीच्याच अंगावर पडली ती.
चांगल्या डोळ्यानं बराच वेळ बघत राहिला.
"बाभूळ हलतीया बरं का पावसात," म्हणाला.

मी तीनशे काढून ठेवले, पन्नासाच्या नोटा.
त्यानं मोजल्या.
मग पालटून परत मोजल्या.